उजवा ब्रेक

१२ जानेवारी

पंक्चर,

'प्रिय' मुद्दामच लिहिलं नाही. ते वाचून तू पत्र तिथेच टाकून दिलं असतंस. नुसतं पंक्चर म्हटल्यावर निदान चिडून तरी पुढे वाचशील. लहानपणी जरा काही टोचलं की तुझी सगळी हवा जायची म्हणून मी हे नाव ठेवलं होतं, आणि चाळिशी उलटली तरी तू ते खोटं ठरवलेलं नाहीस. दोन वर्षं बोलत नाहीस म्हणजे काय रे? अण्णा असते तर दोघांनाही कान धरून दुकानाच्या पायरीवर शेजारी शेजारी बसवलं असतं.

फोन तू ब्लॉक केलायस. पत्र ब्लॉक करता येत नाही. नवा पत्ता तुझ्या दुकानाला चष्म्याच्या काचा पुरवतो त्या माणसाकडून काढला. त्याच्यावर डाफरू नकोस. त्याच्या सायकलचं चाक सरळ करून देत होते, बोलता बोलता विचारलं, आणि त्याने भाबडेपणाने सांगून टाकलं.

कामाचं बोलते. तुझ्या पोरीची, घंटीची सायकल माझ्याकडेच आहे. तू परत न्यायला आला नाहीस आणि मी पाठवली नाही. मागच्या खोलीत हुकाला टांगलेली होती. काल खाली काढली, पुसली. टायर सुकलेत, चेन गंजली आहे, पण सांगाडा ठणठणीत आहे. मी ती नव्याने बांधायला घेतली आहे.

घंटीच्या उजव्या हाताची पकड परत येणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, ते तुझ्या बायकोने शेजारच्या शिंपीणबाईंना सांगितलं आणि त्यांनी मला. (तुम्ही मला सांगितलं नाहीत. असो.) पण एका हाताने चालवता येईल अशी सायकल करता येते. डाव्या बाजूला एकच लिव्हर बसवायची, तिच्यातून दोन नळ्या काढायच्या, एक पुढच्या ब्रेकला, एक मागच्या. गिअरही डावीकडे आणायचा. उजव्या मुठीला काहीच ठेवायचं नाही, नुसता हात टेकायला मऊ ग्रिप.

मला मापं हवीत. तिला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी कर आणि जांघेपासून जमिनीपर्यंत किती भरतं ते लिही. डाव्या हाताची वीत माप. उजवा कोपर किती सरळ होतो तेही बघ. तुझ्याकडे टेप नसेल तर दोरी लावून, गाठ मारून दोरीच पाठव, अण्णांची गिऱ्हाइकं पाठवायची तशी.

आणि ब्रेकचं म्हणशील तर ब्रेक उत्तम होते. सगळं अण्णांच्या पद्धतीने तपासून दिलं होतं. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते.

ताई

९ फेब्रुवारी

पंक्चर,

चार आठवडे झाले, तुझी दोरी आली नाही. तू लोकांना खुर्चीत बसवून, हा डोळा झाका, तो डोळा झाका, आता वाचा, म्हणत सगळ्या गावाला मोठी अक्षरं दाखवतोस, आणि स्वतः बहिणीचं एक पत्र वाचत नाहीस. की वाचतोस? वाचत असशील तर उत्तर देऊ नकोस, पण मापं दे.

तोपर्यंत जुन्या मापावर काम करते आहे. सीटच्या दांडीवर नेलपॉलिशच्या रेघा आहेत बघ. सीट वर घेतली की घंटी स्वतः नेलपॉलिश घेऊन यायची आणि रेघ मारायची. खालची लाल, मग गुलाबी, मग ती भयानक जांभळी. जांभळीच्या वर दोन बोटं दांडी उरली आहे. ती आता दहा वर्षांची झाली. दोन बोटांत ती मावायची नाही, हे मला कळतं. पण दांडी लांब मिळते. दांडी बदलता येते, हँडलचा दांडा बदलता येतो. सायकलीचं सगळं बदलता येतं.

तुला आठवतं का ही सायकल कसली होती? तू दुकानातून आणलीस तेव्हा मी हसले होते आणि तुझी हवा गेली होती. चौदा किलोची सायकल आणि बावीस किलोची मुलगी! पुढे दोन जाडजूड शॉकअप, तेही नुसते दाखवायला, दाबले तर हलत नव्हते. एकवीस गिअर, त्यांतले सतरा नुसतीच खरखर करणारे. तू म्हणालास, "ताई, डोंगरावर चालवायची सायकल म्हणून दिली त्यांनी." मी म्हटलं, "डोंगरावरून ढकलून द्यायची म्हणून दिली असेल." घंटीने तेवढ्यात घंटी वाजवून आपल्या दोघांना गप्प केलं.

मग दर महिन्याला मी एकेक वस्तू बदलत गेले. शॉकअप काढून साधा हलका फोर्क बसवला. गिअरच्या पुढच्या तीन चकत्या काढून एकच ठेवली, मागे आठ. पॅडलच्या दांड्या तिच्या पायाच्या मानाने लांब होत्या, त्या आखूड घातल्या. चौदाची सायकल नऊ किलोवर आणली. चढावर ती तुला मागे टाकायला लागली तेव्हा तू धापा टाकत माझ्या दुकानात येऊन म्हणालास, "तू माझी अब्रू घालवलीस." माझ्या आयुष्यात मी त्याहून चांगलं काम केलेलं नाही.

ब्रेक सगळ्यात शेवटी बदलले. जुने ताराचे होते, कडक. तिची बोटं लिव्हरला पुरी पोचत नव्हती. मी तेलाचे डिस्क ब्रेक घातले, दोन बोटांनी दाबता येतील असे. लहान मुलीला असे ब्रेक सगळ्या गावात कोणाकडे नव्हते.

पुढचं तुला माहीत आहे. चार दिवसांनी शाळेमागच्या उतारावर ती हँडलवरून पुढे फेकली गेली.

मी तुला इस्पितळाच्या जिन्यात जे बोलले ते जरा जास्त झालं. "पोरीला डावं-उजवं शिकवता येत नाही आणि उतारावर घेऊन जातोस" असं मी म्हणायला नको होतं, निदान तुझ्या बायकोसमोर तरी नको होतं. तिने तेच धरून ठेवलं आणि तुला बोल लावत राहिली, हे मला नंतर कळलं. पण गोष्ट खरी होती. उजवा मागचा, डावा पुढचा. तिने घाबरून डावा दाबला. तिला मी आत जाऊन समजावलंही होतं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. गुंगीचं औषध दिलेलं होतं.

मापं पाठव.

ताई

२ मार्च

पंक्चर,

काचावाला काल आला होता. तुला वाटेल ही बाई आपल्यावर पाळत ठेवते. ठेवते. दुसरं काय करू?

तो म्हणाला, मुलगी दुकानात होती, छान उंच झाली आहे, डाव्या हाताने लिहिते. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला चहा पाजला. मग तो हसत हसत म्हणाला, "पण जरा वेंधळी आहे हो. वडील तिचे डोळे तपासत होते. उजवा डोळा झाक म्हणाले, तर तिने आधी दोन्ही हात समोर धरून बघितले. मग विचारलं, बाबा, हा उजवा ना? नक्की ना? वडील हो म्हणाले तरी तिची खात्री होईना."

तो गेल्यावर मी दुकान बंद केलं. भर दुपारी.

घंटी वेंधळी नव्हती रे. सहा वर्षांची असताना ती मला गिऱ्हाइकांसमोर सांगायची, "आत्या, उजवं पॅडल उलट्या आट्याचं असतं का? नाही, डावं असतं." मोठी माणसं चुकायची आणि ती चुकायची नाही.

मला तुला एक सांगायचं आहे. पहिल्या पत्रात लिहिलं की अण्णांच्या पद्धतीने तपासून दिलं. तसं दिलं नव्हतं.

अण्णांच्या तीन फेऱ्या तुला पाठ आहेत. सायकल ज्याची, त्याने दुकानासमोर आपल्या डोळ्यांदेखत तीन फेऱ्या मारायच्या. पहिली नुसती. दुसरी फक्त डाव्या ब्रेकवर थांबायचं. तिसरी फक्त उजव्यावर. मग सायकल न्यायची. कलेक्टर आला तरी अण्णांनी त्याला तीन फेऱ्या मारायला लावल्या असत्या. मोठ्यांची सायकल एकवेळ आपण चालवून बघू शकतो, पण लहान मुलाची आपल्याला चालवता येत नाही, म्हणून त्या मुलाच्या फेऱ्या कधीच चुकवायच्या नाहीत, हे ते दहादा सांगायचे.

मी चुकवल्या. मला घंटीला चकित करायचं होतं. ती शाळेत असताना सायकल तुमच्या जिन्याखाली आणून ठेवली, हँडलला लाल फडकं बांधलं आणि परत आले. तिचा ओरडा मला फोनवर ऐकू आला. तू म्हणालास, "ताई, फेऱ्या?" आणि मी म्हटलं, "मी स्वतः बघितलंय सगळं, तू तुझे चष्मे बघ."

तुला तो फोन आठवत असणार. दोन वर्षांत तू एकदाही त्याचा विषय काढला नाहीस. तू भांडला असतास तर बरं झालं असतं.

आता मी कोणालाही तीन फेऱ्यांशिवाय सोडत नाही. लोक हसतात. एक सत्तर वर्षांचे निवृत्त पोस्टमन काल फेऱ्या मारता मारता म्हणाले, "बाई, परीक्षा आहे का?" मी हो म्हटलं.

अजून आहे. पण आज एवढंच जमतंय.

ताई

२० मार्च

पंक्चर,

हे पत्र बसून वाच. आणि वाचून झाल्यावर आधी घंटीकडे जा, माझ्यावर नंतर चीड.

तिने उजवाच ब्रेक दाबला होता.

तू तिला शिकवलं होतंस, उतारावर उजवा हात. बरोबर शिकवलं होतंस. तिच्या सायकलला कारखान्यातून उजवा ब्रेक मागच्या चाकाला होता. आपल्या दुकानात अण्णांपासून उलटं आहे, उजवा पुढच्या चाकाला. मी तीस वर्षं तसेच बसवत आले. नवे ब्रेक लावताना जुने कसे होते ते मी बघितलंच नाही. जुने काढून डब्यात टाकले आणि नवे हाताला सवय होती तसे बसवले. डोळे उघडे होते, पण काम हातांनीच केलं. मी रेडिओ ऐकत होते.

म्हणजे तिने उतारावर तू सांगितलंस तसा उजवा हात पूर्ण दाबला आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. जुन्या ब्रेकने नुसतं कुरकुरलं असतं. मी घातलेले चांगले होते.

तीन फेऱ्या झाल्या असत्या तर तिसऱ्या फेरीत मला दिसलं असतं. तिलाच कळलं असतं. तिने घंटी वाजवून सांगितलं असतं.

एवढंच असतं तर ती चूक म्हणता आली असती. पुढचं चूक नाही.

पडली त्या दिवशी संध्याकाळी तू सायकल माझ्या दुकानात टाकून इस्पितळात धावलास. मी दिवा लावून बघितली आणि नळ्यांवरून बोट फिरवलं तेव्हाच मला कळलं. या लिव्हर दोन्ही बाजूंना बसतात. चार स्क्रू आहेत. मी उजवी डावीकडे केली, डावी उजवीकडे केली आणि नळ्या पुन्हा पट्टीने बांधल्या. जेवढा वेळ चहा उकळायला लागतो तेवढाच लागला. दुसऱ्या दिवशी तू आलास, डोळे सुजलेले, आणि म्हणालास, "ताई, ती म्हणते मी उजवाच दाबला." मी तुला सायकल दाखवली. म्हटलं, बघ, उजवा मागचाच आहे. तू वाकून दाबून बघितलास. मग तू माझी माफी मागितलीस, माझ्यावर शंका घेतली म्हणून. आणि त्यानंतर मी तुला जिन्यात ते बोलले.

का केलं, ते मी दोन वर्षं स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं. खरं एवढंच आहे की मला वाटलं, तू तिला परत कधी माझ्याकडे येऊ देणार नाहीस. मला नवरा नाही, पोर नाही, दुकान आहे आणि घंटी होती. मी भ्याले. आणि तसंही ती गेलीच.

आता सगळ्यात वाईट सांगते. मी आत तिच्याजवळ बसले. हात प्लास्टरमध्ये, ओठ फुटलेला. ती म्हणाली, "आत्या, मी उजवाच दाबला ना?" मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, "नाही सोन्या, डावा दाबलास. घाबरलं की होतं असं. मी सायकल बघितली. आत्या कधी तुझ्याशी खोटं बोलते का?" ती माझ्याकडे बघत राहिली. गुंगी वगैरे काही नव्हती. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "हो, डावाच असेल."

तेव्हापासून ती हात समोर धरून बघते आहे.

तिला सांग. आजच सांग. ही पानं वाचून दाखव, एक शब्द गाळू नकोस. तुझ्या बायकोलाही दाखव, तिने दोन वर्षं तुला ऐकवलं ते परत घेऊ दे. मला काही नको. मापंही नकोत. माझं तोंड बघू नका, चालेल. तिला एवढंच कळू दे की तिचा हात बरोबर होता.

ताई

२८ एप्रिल

पंक्चर,

तुझं कार्ड आलं. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. तू 'ताई' लिहिलंस, ते तसं सवयीनेच लिहिलं असशील, पण मी ते पुन्हा पुन्हा बघितलं.

पत्र नको पाठवू म्हणतोस. हे शेवटचं.

तू लिहिलंस, "तिला दोनदा वाचून दाखवलं. ती शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, 'आत्या उगाच म्हणतेय बाबा, मला बरं वाटावं म्हणून. तिचा माझ्यावर जीव आहे ना. मी डावाच दाबला होता. मला आठवतं.' मी आणि तिची आई दोघांनी शपथ घेऊन सांगितलं. ती उलट मला म्हणाली, 'तुम्ही आत्याला दोष देऊ नका.' सायकल विकून टाक."

मला आठवतं, म्हणाली. तिला आता डावा हात आठवतो. मी तो तिच्या डोक्यात बसवला आणि तो असा पक्का बसला की तिच्या बापालाही काढता येत नाही. मी आजवर बसवलेली कुठलीच वस्तू इतकी घट्ट बसली नसेल. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी त्या उराशी धरून झोपले असते. पण कार्डात एकही शिवी नाही, आणि ती बिचारी तिकडे माझी बाजू घेऊन तुमच्याशी भांडते आहे.

तुझं कार्ड आलं त्या सकाळी मी एका लिव्हरच्या नळ्या जोडत होते. एका हाताची सायकल जवळजवळ झाली होती. मी ते सगळं सोडवलं. त्या दिवशीचे ब्रेक डब्यातून काढले आणि त्या दिवशी होते तसे बसवले, उजवा पुढच्या चाकाला. मग सायकल दुकानासमोर आणली आणि त्या एवढ्याशा सीटवर बसले. गुडघे हनुवटीला लागत होते. समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला. गिऱ्हाईकही आलं, अर्ध्या तोंडाला साबण. हसू देत म्हटलं.

पहिली फेरी नुसती मारली. दुसरी डाव्या ब्रेकवर, मागचं चाक जरा घसरलं आणि सायकल थांबली. तिसऱ्या फेरीला मी उजवा दाबला. मागचं चाक उचललं गेलं आणि मी हँडलवर आदळले. माझं वजन सदुसष्ट किलो, रस्ता सपाट, आणि वेग काहीच नव्हता. ती बावीस किलोची आणि समोर तो उतार.

न्हाव्याने हात देऊन उठवलं. म्हणाला, "लागलं का हो?" मी नाही म्हटलं.

सायकल विकणार नाही. तशीच परत हुकाला टांगली आहे, जांभळ्या रेघेवर सीट ठेवून. माझ्यामागे दुकान जो घेईल त्याला सांगून ठेवीन की हिला हात लावू नकोस. त्या लिव्हर पुरावा म्हणून काही कामाच्या नाहीत, हे मलाही कळतं. त्या कुठेही लावता येतात, ते मीच तुला दाखवलंय. तरी कधी दहा वर्षांनी, वीस वर्षांनी घंटीला वाटलं की एकदा बघावं, तर तिला येऊ दे, अडवू नकोस. मी असेन किंवा नसेन.

पण ती कशाला येईल? तिला तर माहीतच आहे काय झालं ते.

ताई